कौसाची ओळ

आषाढ अर्धा सरला की माझं ऑफिसात मन लागत नाही. भंडाऱ्यातल्या एका सरकारी कचेरीत मी अभिलेख कक्षात काम करते. लाल कापडात बांधलेले बस्ते, जुने नकाशे, कडा कुरतडलेले फेरफार आणि पावसाळ्यात कागदाला सुटणारा तो ओलसर, किंचित गोडसर वास. बाकी दहा महिने हा वास मला आवडतो. या दिवसांत मात्र बसवत नाही. पाणी प्यायला उठते, खिडकीशी जाते, परत येऊन कोणता बस्ता सोडला होता तेच विसरते. पायाच्या बोटांमध्ये उगाच खाजल्यासारखं होतं. दिवसभर चिखलात उभ्या राहिलेल्या पायांना होतं ना, तसं. पाय तर कोरडे, चपलेत. तरी होतं.

मग फोन उघडते. आमच्या गावच्या, एकोडीच्या ग्रुपवर सकाळपासून फोटो येऊन पडलेले असतात. चिखलणीचा ट्रॅक्टर, पऱ्ह्यांच्या, भाताच्या रोपांच्या, हिरव्यागार जुड्या, ओळीनं वाकलेल्या बायांच्या पाठी आणि त्यांच्यावरचं निळं-पिवळं प्लास्टिक. कोणाचा तरी रोवणा, म्हणजे भातलावणी, आटोपलेला असतो, कोणाचा अर्ध्यावर असतो. फोटो पुष्कळ असतात. गाणं एकही नसतं. रोवण्याला गाणं नाही असं नाही, गाणं अजूनही आहे. पण ते फोनवर येत नाही. का येत नाही ते मला ठाऊक आहे, आणि ते आठवलं की माझी उठबस आणखी वाढते.

रोवण्याचं गाणं दोन तोंडांचं असतं. एका बांधीतली, भाताच्या खाचरातली, बाई ओळ टाकते, मधल्या बाया ती झेलतात, घोळवतात, आणि धुऱ्याच्या, म्हणजे मधल्या बांधाच्या, पलीकडच्या बांधीतून दुसरी बाई तिला उत्तर देते. ओळ आधीपासून ठरलेली नसते. चाल जुनी, शब्द त्या दिवशीचे. ज्याची बांधी असेल त्याच्या चिकटपणापासून सुरुवात होते, मग कोणाची सासू, कोणाचा नवरा, कोण काल बाजारात नवी चप्पल घेऊन आली. हात चिखलात, पाठ वाकलेली, तोंड मोकळं. एकीनं दुसरीची यथेच्छ फजिती करायची आणि दुसरीनं ती सव्याज परत करायची. संध्याकाळी हातपाय धुतले की सगळं त्या पाण्याबरोबर वाहून जायचं. दुसऱ्या दिवशी कालची ओळ कोणी म्हणत नसे. शिळा भात वाढल्यासारखं वाटलं असतं.

आमच्याकडे ओळ टाकायची ती मोठीमाय. म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, पार्बता. उंच, हडकुळी, दात पुढे आलेले आणि आवाज असा की तलावाच्या पाळीवर गुरं राखणारा वळून बघेल. उत्तर द्यायची ती कौसल्या मावशी. ती नात्यानं आमची कोणी नाही. दोन घरं सोडून राहते. मोठीमाय आणि ती एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन एकोडीत आल्या आणि तेव्हापासून एकमेकींना छळत आल्या. मावशी ठेंगणी, गोल, बोलायला सावकाश. आधी कमरेवर चिखलाचा हात ठेवायची, एक श्वास थांबायची. त्या श्वासात सगळ्या बांध्या गप्प व्हायच्या. आणि मग ओळ यायची.

माझ्या लहानपणी बातमी गावभर फिरायची ती कोतवालाच्या डफड्यावरून. जो घरी असेल तो ऐके, जो नसेल तो शेजाऱ्याला विचारी, आणि शेजारी त्यात आपलं मीठ घालून सांगे. पुढे बाबांनी भंडाऱ्याहून टेपरेकॉर्डर आणला. त्या वर्षी रोवण्यात त्यांनी तो धुऱ्यावर छत्रीखाली ठेवला आणि बटण दाबून विसरून गेले. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत सगळं त्यात शिरलं. मोठीमायची ओळ, मावशीचं उत्तर, बैलाला दिलेल्या शिव्या, पावसाची सर, तंबाखू मागणारी कोणीतरी बाई. संध्याकाळी अंगणात ते वाजवलं तेव्हा मोठीमाय कान देऊन ऐकत होती. म्हणाली, "हे कोन बाई होय? हिचा गरा बसला हाय."

"तूच होय," बाबा म्हणाले.

"मी अशी बोंबलतो?" तिनं तोंडाला पदर लावला. मावशी लोळून हसत होती. ती कॅसेट चार-आठ दिवस वाजली. पुढे दिवाळीत माझ्या भावानं तिच्यावर सिनेमाची गाणी भरून घेतली. कोणालाच काही वाटलं नाही. पुढल्या वर्षी रोवणा होणारच होता आणि ओळी नव्या येणारच होत्या.

मला जी रोवणी सोडत नाही ती एवढी जुनी नाही. चार-पाच वर्षांपूर्वीची आहे. भाऊ मोटारसायकलवरून घसरला आणि त्याचा पाय प्लास्टरमध्ये अडकला, म्हणून मी रजा टाकून एकोडीला गेले होते. भावाच्या मुलाचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालेलं. त्याची बायको प्रणाली. माहेर लाखनीचं, वडलांचं दुकान, त्यामुळे बांधीत कधी पाय ठेवलेला नाही. पहिल्या दिवशी उतरली ती गुडघ्यापर्यंत रुतली आणि तिला दोघींनी ओढून काढलं. पण पोरगी हौशी. तिला सगळ्याचंच कौतुक. पऱ्ह्याची जुडी कशी बांधतात, बगळे ट्रॅक्टरच्या मागे कसे चालतात, लाखोळीच्या वरणाचा डबा धुऱ्यावर किती छान लागतो. सगळ्याचे ती छोटे छोटे व्हिडिओ काढी आणि आईला पाठवी.

त्या दुपारी पाऊस थांबलेला होता. ढगांमधून पांढरं ऊन पडलं होतं आणि बांधीतलं पाणी डोळ्यांवर येत होतं. मोठीमाय रंगात होती. तिनं ओळ टाकली,

"कौसाबाईले पुसा गा बाया, पुसा जरा जरा,
पेटीवाल्याच्या पेटीत कसा निंगाला गजरा?"

बाया हसायला लागल्या. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत गावात नाटक व्हायचं, त्यात पेटी वाजवणारा असायचा, त्याच्यावरून ही छेड. साठी ओलांडलेल्या बाईला तिच्या विशीतल्या पेटीवाल्यावरून चिडवायचं, यातच सगळी मजा होती. मावशीनं कमरेवर हात ठेवला. एक श्वास थांबली. आणि धुऱ्यापलीकडून आलं,

"गजरा होता पार्बताचा, मी तं पोचवनारी,
नाव माहं सांगून आली, आपन नामानिरारी!"

बांध्याच्या बांध्या खिदळल्या. मोठीमायच्या हातातली जुडी पाण्यात पडली. ती स्वतः इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली, आणि मावशीनंच धुरा ओलांडून येऊन तिच्या पाठीत धपाटे घातले.

प्रणालीनं हे फोनवर घेतलं होतं. पण तिनं घेतलं ते स्टेटसला टाकायला, आणि स्टेटसवर अर्धंच मिनिट बसतं. म्हणून तिनं तेवढंच घेतलं. मोठीमायची ओळ, बायांचं हसणं, वाकलेली मावशी मान वर करते, कमरेवर हात ठेवते, आणि संपलं. मुद्दाम नव्हे. चांगलं वाटलं म्हणून घेतलं आणि हवं तेवढं झालं म्हणून थांबली. मलाही तिनं दाखवलं होतं. मी म्हटलं, छान आलंय.

स्टेटस दुसऱ्या दिवशी आपोआप जातं म्हणतात. हे गेलं नाही. कोणीतरी ते उतरवून घेतलं, त्यावर हसणारी तोंडं चिकटवली, खाली लिहिलं "मावशीचं जुनं लफडं", आणि पुढे ढकललं. कोणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळून उपयोगही नव्हता. साकोलीला पोचलं, तुमसरला पोचलं. ज्यांनी आयुष्यात एकोडी पाहिली नाही अशा लोकांनी खाली काय काय लिहिलं. आणि एका दुपारी ते आंबागडला पोचलं.

आंबागडला मावशीची वंदना दिलेली आहे. एकुलती एक. मावशीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे रोज संध्याकाळी दिवा लावला की वंदनाचा फोन यायचा, आणि मावशी आपला बटणांचा फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारत बोलायची. तो फोन बंद झाला. पानठेल्यावर पोरांनी वंदनाच्या नवऱ्याला, नरेशला, तो व्हिडिओ दाखवला होता. सासूच्या पेटीवाल्याची चौकशी केली होती. तो एकाच्या अंगावर धावून गेला, घरी येऊन ताट भिरकावलं आणि वंदनाला म्हणाला, आता माहेरचं नाव काढायचं नाही. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. मावशीला तेव्हा एवढंच कळत होतं की लेक फोन उचलत नाही.

कोणीतरी तिच्या कानावर घातलंच. ती आमच्या घरी आली. चिखलाचे पाय धुतलेही नव्हते. प्रणालीला म्हणाली, "दाखव."

प्रणालीनं फोन पुढे केला. मावशीनं तो दोन्ही हातांनी धरला आणि नीट बघितला. स्वतःला वाकलेलं बघितलं, मान वर करताना बघितलं, हात कमरेवर ठेवताना बघितलं. मग चित्र थांबलं. ती वाट बघत राहिली.

"अन् माहं?" तिनं विचारलं.

"एवढंच आहे मावशी."

"माहं कुठी गेलं?"

प्रणाली रडायला लागली. मावशीनं फोन खाटेवर ठेवला, मोठीमायकडे बघितलंही नाही आणि निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती बांधीत आली नाही.

प्रणालीनं काय केलं नाही? स्टेटस काढलं, ओळखीच्या सगळ्यांना हात जोडणारी चिन्हं पाठवली, ग्रुपवर लिहिलं की कृपा करून पुसून टाका. काहींनी अंगठा दाखवला. काहींनी तिची विनंतीच व्हिडिओसकट पुढे पाठवली. पोरीनं जेवण टाकलं. मी तिला समजावत होते आणि माझं मलाच पटत नव्हतं. मी कागद सांभाळणारी बाई. आमच्याकडे काही कागद कायमचे असतात, काही थोड्या वर्षांचे. मुदत संपली की ते रीतसर फाडून टाकतात, आणि तो एक मोठा समंजसपणा आहे असं मला त्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं. या अर्ध्या मिनिटाला मुदतच नव्हती. कोणाच्या फोनात, कुठल्या गावी, किती दिवस, काही सांगता येत नव्हतं.

बांधीत मुकाट काम चाललं. माणूस गप्प असला की पाठ जास्त दुखते, हे त्या आठवड्यात सगळ्या बायांनी एकमेकींना सांगितलं. एका शेतकऱ्यानं धुऱ्यावर वाजवायचा डबा आणून ठेवला. त्यातून सिनेमाची गाणी यायची. बाया रोवत राहायच्या. त्या गाण्याला उत्तर देता येत नव्हतं.

मोठीमाय मावशीच्या दारात गेली होती. मावशीनं पाणी दिलं, पाट दिला आणि तोंड फिरवून सूप पाखडत बसली. मोठीमाय तशीच उठून आली. रात्रभर कूस बदलत असावी, कारण सकाळी तिनं मला गाठलं तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"आंबागडले चाल माह्यासंग."

"मोठीमाय, ते लोक रागात आहेत. काहीतरी बोलतील."

"बोलतीन तं बोलतीन. मी नाई बोललो का?"

साकोलीहून तुमसरची एसटी, तिथून पुढे काळी-पिवळी जीप. मोठीमाय खिडकीशी बसली होती आणि सगळ्या वाटेनं दुसऱ्यांच्या बांध्या बघत होती. इथं पातळ रोवलं, इथं पाणी जास्त झालं, असं पुटपुटत होती. मध्येच मी तिला विचारलं, "मोठीमाय, खरंच होता का गं पेटीवाला?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मला काही समजतच नाही. "कोनता पेटीवाला? ज्या वर्साचं मी मनतो त्या वर्साले पेटीच नोती. उंदरायनं भाता कुरतडला होता. नाटक नुसतं ढोलकीवर झालं."

"मग गजरा?"

"'जरा जरा'ले दुसरं काय बसते? तूच सांग."

मी हसले, ती मात्र हसली नाही. परत खिडकीबाहेर बघायला लागली.

आंबागडच्या किल्ल्याचा डोंगर ढगात बुडालेला होता. गाव त्याच्या पायथ्याशी ओलं होऊन बसलेलं. वंदनाच्या घरी टिनाच्या ओसरीत तिची सासू, अनसूयाबाई, बियाण्याचं रिकामं पोतं शिवत होती. आम्हाला बघून तिनं "या" म्हटलं, पण सुई थांबवली नाही. वंदनानं पाणी आणून ठेवलं आणि मान खाली घालून आत गेली. नरेश शेतातून आला, पाय धुतले, आणि आमच्यासमोर न बसता खांबाला टेकून उभा राहिला.

मोठीमायनं प्रस्तावना केली नाही. अनसूयाबाईला म्हणाली, "इहीनबाई, तुमच्या इकडं रोवन्यात मनतेत का नाई?"

"मनतेत ना."

"उत्तर देतेत?"

"देतेत."

"मंग आयका. त्या फोनात माहं हाय, कौसाचं नाई. तिचं मी सांगतो." आणि तिथं, त्या ओसरीत, पोत्याच्या ढिगाशेजारी बसून तिनं मावशीची ओळ म्हटली. गजरा पार्बताचा. पोचवणारी कौसा. पार्बता नामानिराळी. स्वतःचं नाव तिनं जरा जोर देऊनच उच्चारलं.

अनसूयाबाईची सुई थांबली. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तिलाही बांधी ठाऊक होती. "येवढं होतं तं अर्धंच कायले धाडलं?" ती म्हणाली.

"धाडलं नाही आई," मी म्हणाले, "त्यात तेवढंच बसत होतं."

नरेश पहिल्यांदा बोलला. "तुमचं खरं असन आजी. माह्या मायले समजलं, मले समजलं. पन ठेल्यावरच्या पोट्ट्याईले कोन सांगन? त्याईच्या फोनात तं अर्धंच हाय." त्यानं खिशातून फोन काढला. "तुमी आत्ता मनलं ते परत मना. मी काढतो. तेबी फिरू द्या."

मोठीमायला नातू आहेत, नातसुना आहेत. ज्या लोकांनी मावशीला सोडलं नाही ते हिला सोडणार होते का? मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला. डोक्यावर पदर घेतला, मांडी नीट घातली, आणि फोनकडे बघून म्हणाली, "काढ."

तिनं म्हटलं. आणि ते गाणं नव्हतंच. आवाज कोरडा, चाल मोडलेली, एकेक शब्द ठेवल्यासारखा. शाळेत पोर पाठांतर म्हणून दाखवतं तसं. ज्या बाईचा आवाज तलावापार जायचा तिला त्या एवढ्याशा काचेपुढे श्वास पुरेना. नरेशनं ते लावून बघितलं. फोनमधून ती ओळ परत ऐकू आली तेव्हा वाटलं, कोणी ठाण्यात जबाब देतंय. "आपन नामानिरारी" हे ऐकून तर भलतंच वाटलं, जणू म्हातारीनं खरंच काही कबूल केलं.

नरेशनं फोन खाली केला. मोठीमाय विचारत होती, "बराबर आलं का? नाई तं परत मनतो."

तेवढ्यात आतल्या दारातून वंदना म्हणाली, "माय असं नाई मनत."

सगळ्यांनी तिकडे बघितलं. तिच्या हातात कणकेचा गोळा होता. "माय पयले थांबते," ती म्हणाली. "असं." तिनं कणकेचा हात कमरेवर ठेवला, मान तिरपी केली. एक श्वास. आणि मावशीच्या सावकाश, गोल आवाजात ती ओळ तिनं सोडली. मी शपथेवर सांगते, ओसरीत कौसल्या मावशी उभी होती. मोठीमाय "अवो माय!" म्हणून टाळी देत कोसळली. अनसूयाबाई पदरात तोंड खुपसून हसायला लागली, तिच्या हातातून सुई कुठं पडली ते नंतर आम्ही सगळे शोधत होतो. नरेशही हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण आलंच. फोन त्याच्या हातात होता आणि तो धरायचं त्याला सुचलं नाही.

चहा झाला. सुई सापडली. नरेशनं फोनमधली मोठीमायची जबानी तिच्यादेखतच पुसली. मग शिंक्याकडे बघत, आपल्या बायकोकडे न बघता म्हणाला, "इले घेऊन जा. चार रोज राहू द्या मायपाशी."

परतीच्या गाडीत वंदना माझ्या आणि मोठीमायच्या मध्ये बसली होती. मी आपली मनात गोष्ट पूर्ण करत होते. मायलेकी भेटतील, मग मावशी मोठीमायला मिठी मारेल वगैरे. मायलेकी भेटल्या. अंगणातच. ते मी लिहीत नाही. नंतर वंदनानं आंबागडला काय झालं ते सगळं सांगितलं, आणि मावशी मोठीमायकडे वळली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"माही ओर तू कायले मनली?"

मोठीमाय गोंधळली. "अवो, तुह्यासाठीच तं..."

"माही होती ना ते! माह्या ओरीले कोनी आयकलंच नाई. सगऱ्या जगानं तुही आयकली. अन् माही मनाले बी तूच गेली? मले घेऊन जाता नोतं येत? माह्या तोंडाले का झालं होतं?"

म्हणजे इतके दिवस ती लाजेनं घरात बसली नव्हती. निदान नुसत्या लाजेनं नव्हती. तिची ओळ, त्या वर्षातली सगळ्यात चांगली ओळ, हवेत गेली होती आणि तिच्या तोंडावर मारलेली ओळ तेवढी गावोगाव फिरत होती. तिला उत्तर देता येत असून ती निरुत्तर दिसत होती. हे दुःख आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दोघी अंगणात कडाकडा भांडल्या. शेजारच्या बाया धावून आल्या आणि भांडणाचा विषय कळल्यावर ओट्यावर बसून ऐकायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मावशी बांधीत होती. अबोला होता, पण तो ओळींमधून बोलला जात होता.

हे इथं संपायला हवं. संपत नाही, म्हणून तर मला या दिवसांत बसवत नाही. तो व्हिडिओ अजून आहे. मागच्या वर्षी माझ्या ऑफिसातल्या एका बाईनं मला तो दाखवला. खाली भलत्याच जिल्ह्यातल्या भलत्याच गावाचं नाव होतं. ती हसत होती. "बघ ना, कसल्या आहेत या बायका." मी म्हटलं, याचं उत्तर मला माहीत आहे. ती म्हणाली, कशाचं उत्तर? मी सांगितलं. तिला ते ऐकून हसू आलं नाही. कसं येणार? पांढरं ऊन नव्हतं, खोकला नव्हता, पाण्यात पडलेली जुडी नव्हती. मी तिला दोष देत नाही. मीसुद्धा किती अनोळखी माणसांची अर्धी वाक्यं बघून हसले असेन, कोण जाणे.

आणि तरी मनाला दुसरी टोचणी आहेच. मोठीमायला आता वाकता येत नाही. ती धुऱ्यावर खुर्ची टाकून, छत्री घेऊन बसते आणि ओळ वाकडी गेली की ओरडते. तिचा आवाज उतरला. आज ना उद्या तो नसेल. मग कुठून ऐकायचा? कागद सांभाळण्यात जन्म गेलेल्या बाईला हे सहन होत नाही. कोणाला न सांगता, चोरून, धुऱ्याआड फोन ठेवून तासभर सगळं भरून घ्यावं असं माझ्या मनात किती वेळा आलं. मग मावशीचा तो लाल चेहरा आठवतो. एकोडीच्या बायांनी आपलं ठरवून टाकलंय. बांधीत उतरायच्या आधी सगळे फोन एका थैलीत जातात आणि थैली पळसाला टांगली जाते. नियम कोणी केला नाही, पण मोडतही कोणी नाही. तरी पहिली ओळ टाकण्याआधी मावशी एकदा चारी बाजूंना नजर टाकते. पूर्वी तिचा तो थांबलेला श्वास नुसता ओळ जुळवण्यासाठी असायचा.

परवाच्या रविवारी मी गेले होते. माझाही फोन थैलीत गेला. प्रणाली आता भराभर रोवते, मूल झालंय, चेहरा भरलाय. पण त्या वर्षानंतर तिनं बांधीत कधी तोंड उघडलं नव्हतं. झेलायच्या ओळीसुद्धा ती मनातल्या मनात म्हणायची. दुपारच्या जेवणानंतर मावशीनं धुऱ्यापलीकडून नेमकं तिच्यावरच टाकलं,

"शहरची सून रोवे परा, बोट चिखलात बुडे ना,
फोनावर कशी भरभर चाले, इथं अंगठा उडे ना!"

बाया हसल्या आणि एकदम गप्प झाल्या. फोनाचं नाव त्या वर्षानंतर बांधीत पहिल्यांदाच निघालं होतं. सगळ्या प्रणालीकडे बघत होत्या. ती वाकलेलीच होती. हातातली जुडी संपवली, दुसरी घेतली. मोठीमाय खुर्चीतून पुढे झुकली. मला वाटलं, पोरगी आता रडते.

प्रणाली सरळ उभी राहिली.

"अंगठा माहा शिकून राहिला, मावशी धीर धरा..."

आणि पुढे जे काही म्हणाली त्यानं सगळा रोवणा उलथापालथा झाला. दोघी बाया धुऱ्यावर बसल्या. मोठीमायच्या हातून छत्री सुटून बांधीत गेली. मावशीला तर उभंच राहवेना, ती होती तिथं चिखलात फतकल मारून बसली आणि हसता हसता प्रणालीकडे बोट करून म्हणत राहिली, "मरली वो, मले मारलं इनं!" माझा हात आपोआप कमरेशी गेला. फोन पळसावर होता.

संध्याकाळच्या गाडीत बसले. साकोली गेली. मनाशी ती ओळ घोळवत होते, आणि लाखनीच्या आसपास लक्षात आलं की तिचा दुसरा अर्धा भाग माझ्याकडे नाही. 'धीर धरा'ला काय जुळवलं होतं? धुरा? परा? चरा? एकही बसेना. इतकं हसले आणि कशाला हसले तेच गेलं. जीव कासावीस झाला. प्रणालीला फोन लावला. मागे भांडी वाजत होती, पोर रडत होतं.

"अगं, ती तुझी ओळ सांग ना. मावशीला दिलेली."

"कोणती आत्या? हां, ती." ती थांबली. मग हसली. "नाही हो आठवत. तेव्हा तोंडात आली तशी म्हटली."

"आठव ना जरा."

"खरंच नाही आठवत आत्या. पण सगळ्या हसल्या होत्या ना?"

"हसल्या होत्या," मी म्हटलं.

पोराला घ्यायला तिनं फोन ठेवला. गाडी वैनगंगेच्या पुलावर चढली. चाल सगळी तोंडात होती, आणि मी 'धीर धरा'पाशी जाऊन पुन्हा पुन्हा थांबत होते.